एक टोप, चार माणसं

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. ज्याने हॉस्टेलात एक वर्ष काढलंय त्याला या वाक्यातली वेदना समजावून सांगावी लागत नाही. दुपारची फीस्ट सातपर्यंत जिरते, वडापावच्या गाडीवर रांग लागते आणि नूडल्सचं एखादं पाकीट म्हणजे काय चीज असते ते रात्री साडेनऊला कळतं. त्यात सोमवारी सबमिशन असेल तर विचारूच नका.

आमचा चौघांचा हॉस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून आम्ही कशेळीत खोली घेऊन राहतो. ठाण्याहून बाळकुम नाका सोडला आणि खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागतं. तालुका भिवंडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फर्निचरची दुकानं, पुढे काल्हेर, पूर्णा, गोदामं आणि त्या गोदामांकडे निघालेले कंटेनर. पूल ओलांडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. त्यामुळे 'चला, ठाण्यात जाऊन जेवून येऊ' असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. घरात एक शेगडी, पाच किलोची छोटी टाकी, एक कुकर, एक तवा, एक कढई आणि घरमालकीण काकींनी दिलेला पाच लिटरचा टोप. एवढ्या सामग्रीवर आम्ही दर रविवारी पास्ता करतो. भाज्या आणि सॉसेज घालून, एकाच टोपात, अर्ध्या तासात. तो कसा करायचा आणि तो तसा का होतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पण आधी एक चूक सांगतो, कारण कृतीपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे.

पहिला प्रयोग

आमच्यात एक गोवेकर आहे, एक भिवंडीकर, एक पंढरपूरकर आणि चौथा मी. भिवंडीकराचं घर खरं तर जवळच आहे, पण शेजारी यंत्रमागाचा कारखाना. रात्रभर खडखडाट. थर्मो त्या तालावर डोक्यात शिरत नाही म्हणून तो आमच्यात राहतो. पंढरपूरकर माळकरी. गोवेकर नाताळच्या सुट्टीहून येताना चोरीसची माळ घेऊन आला. चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज. डुकराचं मांस, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, मसाला असं सगळं आतड्यात भरून वाळवलेलं. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा प्रकार गोव्याने पुरता आपलासा केला. तिकडे चोरीस घालून पुलाव करतात. एकाच भांड्यात आधी चोरीस परततात, त्याची लाल चरबी सुटते, तिच्यात तांदूळ शिजतो. गोवेकर म्हणाला, "भातात चालतं तर पास्त्यात का नाही?" मला पटलं. मी बल्लवाचार्याच्या थाटात टोप चढवला, चोरीस परतलं, भाज्या टाकल्या, पास्ता टाकला. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरची मुलं वर डोकावून गेली.

भिवंडीकर पुलावर अडकला होता, नऊला आला. टोपात डोकावला, "काय आहे?" म्हणाला. मी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "मला भूक नाही रे." मग चहा केला आणि पावाचे दोन स्लाइस खाल्ले. पंढरपूरकराने फरसाणाचा डबा उघडला. दोघंही एक शब्द वाकडं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. टोपात चौघांचं जेवण होतं आणि खोलीत दोघं उपाशी.

दुसऱ्या दिवशी टोप घासताना काकींनी विचारलं म्हणून हे सांगितलं. काकी इथल्याच, आगरी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एका टोपान शिजवला म्हणजे सगल्यांचा झाला का रं?"

या एका वाक्यावर आमची सगळी पाककृती बदलली. आता ती सांगतो.

टोपातलं पाणी ओतायचं का नाही?

पास्ता करायची नेहमीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दर १०० ग्रॅम पास्त्याला साधारण १ लिटर पाणी उकळायचं, त्यात मीठ घालायचं, पास्ता शिजवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. सॉस दुसऱ्या भांड्यात. म्हणजे चौघांच्या ४०० ग्रॅम पास्त्याला ४ लिटर पाणी. एवढं पाणी खरंच लागतं का, हा प्रश्न अन्नविज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅकगी यांनी २००९ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहीरपणे विचारला. पास्ता थेट गार पाण्यात आणि बऱ्याच कमी पाण्यात टाकूनही नीट शिजतो, असं त्यांनी करून दाखवलं. २०१३ साली अमेरिकेतल्या मार्था स्ट्युअर्ट यांच्या मासिकाने त्याच्याही पुढची पायरी गाठली. पास्ता, टोमॅटो, कांदा, लसूण, तेल, पाणी सगळं एकदमच एका भांड्यात. ही कृती मग जगभर झाली.

आपल्याकडे मात्र यात नवीन काही नाही. वरणफळं, चकोल्या आठवून बघा. कणकेचे तुकडे थेट उकळत्या वरणात सोडायचे. पाणी ओतून द्यायचा प्रश्नच येत नाही. कणकेतला स्टार्च वरणात उतरतो आणि वरण दाट होतं. पास्त्याचंही तेच. गव्हाच्या स्टार्चचे कण साधारण ६० अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगायला लागतात, त्यातले काही फुटून पाण्यात मिसळतात. चार लिटर पाण्यात हा स्टार्च पातळ होऊन मोरीत जातो. एक लिटर पाण्यात तो टोपातच राहतो, तेल आणि टोमॅटोचा रस एकत्र धरून ठेवतो, आणि वेगळं क्रीम वगैरे न घालता सॉस तयार होतो.

म्हणून पहिला नियम असा: पाणी ओतायचं नाही, म्हणून ते मोजूनच घालायचं.

पाण्याचा जमाखर्च

आता इंजिनिअरिंगचं थोडं काम. मास बॅलन्स मांडू. चौघांसाठी ४०० ग्रॅम पास्ता. शिजल्यावर पास्त्याचं वजन दुपटीच्या थोडं वर जातं, म्हणजे तो साधारण ५०० ग्रॅम पाणी पितो. उरलेलं काही वाफ होऊन जातं. किती? शेगडीतून टोपातल्या पाण्यापर्यंत १ किलोवॅट उष्णता पोचते असं धरू. उकळी आल्यावर १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. एकूण ७२० किलोज्यूल. पाण्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता किलोला २२५७ किलोज्यूल. भागाकार केला की सुमारे ३२० ग्रॅम पाणी उडतं. म्हणजे खर्च ८२० ग्रॅम. जमेला आपण घातलेलं १ लिटर पाणी, अधिक चार टोमॅटो आणि भाज्या यांचं सुटलेलं पाव लिटर. एकूण साडेबाराशे. शिल्लक सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे माणशी वाटीभरापेक्षा थोडा कमी सॉस. अगदी बरोबर.

झाकण ठेवलं तर वाफ कमी जाते, मोठ्या आचेवर जास्त जाते. म्हणून एक कप गरम पाणी बाजूला ठेवायचं आणि लागेल तसं घालायचं. व्हायवाला कोणी विचारलंच, तर हेही सांगा की पाणी एकदा १०० अंशांवर उकळायला लागलं की आच वाढवून पास्ता लवकर शिजत नाही. फक्त पाणी लवकर उडतं आणि टोपाचा तळ लागतो.

गॅसही वाचतो. १ लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला ३०० किलोज्यूल लागतात, ४ लिटरला १२००. त्याच शेगडीवर पाच मिनिटं विरुद्ध वीस मिनिटं. पाच किलोच्या टाकीवर महिना काढणाऱ्यांना हा फरक कळतो.

काय काय लागतं

चौघांसाठी: पास्ता ४०० ग्रॅम (पेने किंवा फुसिली, म्हणजे नळ्या किंवा स्प्रिंग, लांब स्पगेटी टोपात मावत नाही). दोन कांदे, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, चार पिकलेले टोमॅटो, एक गाजर, मूठभर फरसबी, एक भोपळी मिरची, वाटीभर मटार किंवा मक्याचे दाणे. तीन चमचे तेल, दोन सपाट चमचे मीठ, अर्धा चमचा मिरपूड, थोडं चिली फ्लेक्स, असेल तर ओरेगॅनो. नसेल तर चिमूटभर ओवा चुरून टाका. वास अगदी तसाच नाही, पण भावंडं शोभतील इतपत जवळचा.

पास्ता घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. 'ड्युरम गव्हाचा रवा' असं लिहिलेलं पाहिजे. ड्युरम म्हणजे कठीण, पिवळसर दाण्याचा गहू; आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला. त्यातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते, ती स्टार्चला धरून ठेवते. मैद्याचा स्वस्त पास्ता एका टोपात केला की दहाव्या मिनिटाला त्याची खळ होते. हे आम्ही करून पाहिलंय. त्या खळीवर जर्नलची पानं चिकटवता आली असती.

कृती

१. सगळं आधी चिरून घ्या. टोप चढल्यावर चिरायला वेळ मिळत नाही.

२. टोपात तेल गरम करून कांदा तीन मिनिटं परता. लसूण अर्धा मिनिट. लसूण काळा झाला तर सगळा टोप कडू होतो, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा.

३. गाजर आणि फरसबी टाका. कठीण भाज्या आधी, मऊ भाज्या नंतर, हे लक्षात ठेवलं की पुरे. मग टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो मऊ होईपर्यंत चार मिनिटं.

४. कोरडा पास्ता घाला, १ लिटर पाणी घाला, ढवळा. पास्ता पाण्याखाली जेमतेम बुडाला पाहिजे.

५. उकळी आली की आच मध्यम करा. पहिली तीन-चार मिनिटं सतत ढवळा. याच वेळात पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च चिकट होतो आणि नळ्या एकमेकींना चिकटतात. एकदा पाणी सुटं झालं की मग मिनिटाला एकदा पुरे.

६. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला भोपळी मिरची आणि मटार टाका.

७. एक नळी काढून चावून बघा. मध्ये किंचित कडक लागली की गॅस बंद, वर थाळी झाकण ठेवून तीन मिनिटं थांबा. टोपातल्या उष्णतेवर उरलेलं काम होतं. आच बंद करून झाकणाखाली पास्ता शिजवण्याची कल्पना २०२२ साली इटलीत खूप गाजली, कारण ती पुढे करणाऱ्यांत २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते ज्योर्ज्यो पारिसी होते. तिथले नामवंत आचारी भयंकर चिडले. आपण कशेळीत असल्यामुळे आपल्यावर कोणी चिडत नाही.

८. शेवटी मिरपूड, चिली फ्लेक्स, ओरेगॅनो. मीठ चाखून बघा. सॉसेज खारट असतं, म्हणून हात आखडताच ठेवा.

एक इशारा. 'कुकरला दोन शिट्ट्या काढू, पाच मिनिटांत होईल' असं कोणीतरी म्हणणारच. नको. पास्ता उकळताना स्टार्चचा फेस वर चढतो. झाकण बंद असेल तर तो फेस शिट्टीच्या नळीत जाऊन तिथेच बसू शकतो आणि वाफेची वाट बंद होते. पुढे काय होतं ते मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. कुकरच्या माहितीपुस्तिकेत फेस येणाऱ्या पदार्थांबद्दल सूचना असते, ती वाचा. कुकर वापरायचाच असेल तर झाकण न लावता टोपासारखा वापरा आणि अर्ध्याच्या वर भरू नका.

आणि सॉसेज?

इथे काकींचं वाक्य येतं. टोप आता कायमचा शाकाहारी. सॉसेज बाहेर, तव्यावर.

पुढच्या रविवारी भिवंडीकरानेच त्याच्या ओळखीच्या दुकानातून हलाल चिकन सॉसेज आणलं. गोवेकराच्या चोरीसला वेगळी छोटी कढई घेतली, दांड्याला लाल चिकटपट्टी लावली. ती कढई आणि तिचा झारा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, घासायची घासणीसुद्धा वेगळी. 'धुतली की झालं' हे आपलं मत झालं. ज्याला खायचंय त्याचं मत विचारायला हवं. तो न विचारता समजून घेईल असं धरून चालू नये. मी तेच धरून चाललो होतो.

आता तांत्रिक भाग. दुकानात मिळणारं बहुतेक गोठवलेलं चिकन सॉसेज आधीच शिजवलेलं असतं, पण सगळं नसतं. पाकिटावर वाचा. कच्चं असेल तर आतपर्यंत शिजलंच पाहिजे. कोंबडीच्या मांसाला आतलं तापमान ७४ अंश हवं. थर्मामीटर नसेल तर मधोमध कापून बघा, आत गुलाबी, लिबलिबीत भाग दिसता कामा नये. चोरीसही कच्चंच समजा आणि नीट शिजवा. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी सॉसेज त्याच दिवशी, स्वयंपाकाच्या वेळेच्या जवळ आणावं. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या खोलीचं तापमान बरोबर या पट्ट्यात असतं. दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं सॉसेज वाचवायच्या भानगडीत पडू नका. कशेळीच्या पुलावर पाऊण तास अडकायचं असेल, तर तेही धरून हिशेब करा.

सॉसेजचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. तवा चांगला तापू द्या, चमचाभर तेल, तुकडे पसरून ठेवा आणि दोन मिनिटं हलवू नका. पाण्यात सॉसेज शिजतं पण तपकिरी होत नाही, कारण पाणी शंभराच्या वर जात नाही आणि तो खमंग रंग साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने येतो. या दृष्टीने पाहिलं तर सॉसेज तव्यावर करणं म्हणजे नुसती तडजोड नाही. टोपात उकळलेल्या सॉसेजपेक्षा ते चवीला चांगलंच लागतं.

एक तोटा मात्र आहे. सगळं एका टोपात केलं की तळाला चिकटलेला खमंग भाग सॉसमध्ये उतरतो. इथे तो तव्यावर राहतो. उपाय सोपा आहे. सॉसेज काढून घेतलं की तव्यावर तीन-चार चमचे गरम पाणी शिंपडा, उलथन्याने खरवडा, आणि तो रस आपापल्या ताटात सॉसेजबरोबर वाढून घ्या. चोरीसला तर तेलही लागत नाही, त्याची चरबी पुरते. मंद आचेवर थोडं पाणी घालून शिजवा, पाणी आटलं की परता.

वाढायचा क्रम ठरलेला आहे. आधी टोपातून पंढरपूरकराला, म्हणजे टोपातल्या पळीला दुसरं काही लागायचा प्रश्न नाही. (एकादशीला तो कांदा-लसूण खात नाही, रविवारी एकादशी आली तर त्या दिवशी आम्ही चौघंही साबुदाण्यावर.) मग ज्याला जे हवं ते ज्याने त्याने वरून घ्यायचं. किसलेलं चीज घालणार असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका आहे का बघा, कारण काही चीज बनवताना वासराच्या पोटातलं विरजण वापरतात.

हॉस्टेलवाल्यांसाठी

खोलीत शेगडी, हीटर, कॉइल यांना बंदी असते आणि ती योग्यच आहे. गादी, पडदे आणि उघडी कॉइल यांची मैत्री चांगली नसते. तेव्हा हा प्रयोग खोलीत चोरून करू नका. मेसच्या मावशींना विचारा, रेक्टर सरांना विचारा. रविवारी संध्याकाळी मेसचं स्वयंपाकघर रिकामंच असतं. आणि सरांनाही जेवायला बोलवा. परवानगी लवकर मिळते, असा अनुभव आहे. फक्त सर काय खातात ते आधी विचारा.

खोलीवर राहणाऱ्यांनी एवढं करावं: टाकी उभीच ठेवा, नळीवर भेगा आहेत का बघा, खिडकी उघडी ठेवा, झोपताना रेग्युलेटर बंद करा.

आता वर्ष होईल. दर रविवारी नऊच्या सुमारास टोप मधोमध येतो, शेजारी तवा, शेजारी लाल पट्टीवाली कढई. याला एका भांड्यातला पास्ता म्हणावं का, असं आमच्या गोवेकराने एकदा विचारलं. भांडी तर तीन झाली. पंढरपूरकर म्हणाला, "टोप एकच आहे. बाकीचं ज्याचं त्याचं." आणि त्याने आधी आपलं ताट पुढे केलं.

परवा भिवंडीकराची आई डबा घेऊन आली होती. त्याने तिला टोपातलं वाढलं. तिने खाल्लं, चांगलं आहे म्हणाली, आणि जाताना टोप कुठून आणला ते विचारून गेली.

— एक बल्लवाचार्य, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी